वरून एमजी, खालून काय?

प्रश्न: वरूड तालुक्यात माझी संत्र्याची बाग आहे. वय ५८. जुन्या विलायती घाटाची, दोनच माणसांची उघडी गाडी असावी, ही तरुणपणापासूनची इच्छा. अस्सल गाडी आवाक्याबाहेरची, म्हणून सेकंडहँड प्रतिकृती शोधतोय. दोन पाहिल्या. एक पुण्याची, लोटस सेव्हन या ब्रिटिश गाडीच्या वळणाची चिंकारा रोडस्टर, इसुझूचं १.८ लिटर इंजिन, रंग पार उडालेला. दुसरी नागपूरची, लालभडक, हुबेहूब जुनी ब्रिटिश एमजी टीसी. ती एका वर्कशॉपने प्रीमियर पद्मिनीच्या, म्हणजे जुन्या फियाटच्या सामानावर बांधली आहे. विकणारा म्हणतो, प्रतिकृतीत बॉडीशिवाय बघायचं काय, आणि पुढेमागे ती व्हिंटेजमध्येही बसेल. माझं मन लाल गाडीवर आहे. काय करू?
– एक वाचक, वरूड

उत्तर: भाऊ, लाल गाडीची आरसी स्वतः वाचल्याशिवाय एक रुपयाही इसार देऊ नका. त्यावर ‘पद्मिनी, सलून’ असं लिहिलेलं असेल तर कागदावर ती चार दारांची फियाटच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या जानेवारीत हेच उचलून धरलं. उद्या मोर्शी रोडवर कुणाला धक्का लागला, तर विमा कंपनी पहिला सवाल हाच करेल की आम्ही विमा उतरवला ती गाडी कुठे आहे?

व्हिंटेजचं तर मनातूनच काढून टाका. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडीच त्यात बसते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झाला की दार बंद. तुमची लाल गाडी म्हणजे अख्खा फेरफारच.

पण मला जास्त काळजी वाटते ती तुमच्या जिवाची. बाहेरच्या देशांत पोर्शे ३५६ स्पीडस्टर किंवा एमजी टीडीच्या इतक्या प्रतिकृती फोक्सवॅगन बीटलवर का बांधल्या गेल्या? बीटलची बॉडी बोल्ट काढून उचलता येते आणि खाली चाकांसकट पूर्ण तळ उरतो. त्यावर दुसरी बॉडी बसवता येते. पद्मिनीला असा वेगळा तळच नाही. तिची ताकद छप्पर, त्याचे खांब आणि गाडीचा फ्लोअर मिळून होते. छप्पर कापलं की ती ताकद गेली, आणि पुढे सगळा भार वर्कशॉपमधल्या वेल्डरने जोडलेल्या चौकोनी पाइपांवर. तो वेल्डर कसबी असेलही, पण ते कळणार कसं? एक करा. एका बाजूला जॅक लावून गाडी थोडी उचला आणि दार उघडून-लावून पाहा. दार अडकलं किंवा फट कमीजास्त झाली, तर सांगाडा पिळतोय. अशी गाडी मी कुणालाही घेऊ देणार नाही, रंग कितीही सुंदर असो.

तर माझा कौल उडालेल्या रंगाच्या गाडीला. ही अलिबागच्या बाजूच्या चिंकारा मोटर्सची, म्हणजे बनवणाऱ्याचं नाव असलेली गाडी. प्रतिकृती म्हणून तिला कमी लेखू नका. लोटस कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमनने १९५७ मध्ये काढलेली मूळ सेव्हनसुद्धा इंग्लंडमध्ये सुट्या भागांत विकली जायची, कारण त्यात कर वाचायचा. लोक घरीच जोडायचे. तरीही आरसीवर रोडस्टरचंच नाव आहे ना ते पाहा, आणि चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्या. पहिल्या नोंदणीला १५ वर्षं झाली असतील तर नूतनीकरण झालंय का विचारा.

मग वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर चढवा. तिच्या फायबरच्या बॉडीला गंज लागत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात आणि आतलं लोखंड गुपचूप खात जातं. पाइपांचे सांधे, सीटखालची जागा आणि बॅटरीचा तळ स्क्रूड्रायव्हरने टोचा. पुढची चाकं जिथे सांगाड्याला धरली आहेत, तिथल्या वेल्डिंगजवळ बारीक भेग दिसली तर व्यवहार तिथेच थांबवा. फायबरवर बोल्टांभोवती चांदणीसारख्या चिरा असतील तर टॉर्च घेऊन आतून पाहा. वरच्या थरातल्याच असतील तर रंगाच्या वेळी निघतात, आरपार गेल्या असतील तर तो भाग नव्याने बांधावा लागतो. विम्याच्या दाव्यात फायबरच्या भागांवर ३० टक्के घसारा कापतात, हेही हिशेबात धरा.

हेच इसुझू इंजिन कॉन्टेसा आणि अँबॅसिडरलाही होतं, त्यामुळे जुना अँबॅसिडरवाला मिस्त्री सोबत न्या. गाडी पाहायला दुपारीच जा. चांगली फिरवून आणा, मग इंजिन चालू ठेवून उभी करा आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश असतं. पुण्याच्या हवेत जेमतेम तग धरणारा रेडिएटर इथे उकळेल. इंजिन कार्बोरेटरचं असेल तर टाकीपासूनच्या रबरी नळ्या आणि पेट्रोल खेचणाऱ्या पंपातला रबरी पडदा (डायफ्रॅम) बदलाच. आताच्या पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलने जुनं रबर फुगतं, चिरतं आणि पेट्रोल गळून गरम इंजिनावर पडतं.

आणि भाऊ, ही गाडी डांबरी रस्त्याची. पावसाळ्यात पांदणीने वावरात नेऊ नका. काळ्या मातीत पोट टेकलं की ट्रॅक्टर ओढेल तेव्हा पाइपच वाकतील. खताच्या पोत्यांच्या गोदामात तर मुळीच ठेवू नका. पोटॅश हवेतला ओलावा ओढून घेतं आणि शेजारचं लोखंड खातं, शिवाय तिथले उंदीर वायरिंग कुरतडतात. चारी बाजूंनी हवा खेळेल असं वेगळं पत्र्याचं शेड आधी उभं करा, गाडी नंतर आणा.