एसी/डीसी या रॉक बँडमधे मॅल्कम यंग नक्की करायचा काय, सगळी गिटार तर अँगसच वाजवतो ना?

अहो उलट आहे, बँडचा खरा मालक मॅल्कमच. जन्म १९५३ ग्लासगोचा, मग ६३ ला घरचे बहुतेक सगळे सिडनीला गेले आणि तिथेच १९७३ मधे धाकट्या भावाला, म्हणजे अँगसला घेऊन त्याने बँड काढला. अँगस शाळेच्या युनिफॉर्ममधे स्टेजभर उड्या मारणार आणि हा मागे अँपपाशी (आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरपाशी) उभा राहून नुसता उजवा हात चालवणार, पण तो हात थांबला तर गाणंच बसलं समजा! गिटार ग्रेच कंपनीची, त्यातले जास्तीचे पिकअप (तारांचा आवाज पकडणारे भाग) काढून फक्त ब्रिजपाशी, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात तिथला, ठेवलेला, तारा जाड. १९८८ ला दारू सोडायला थोडा ब्रेक घेतला, तेव्हा पुतण्या स्टीव्हीने वाजवलं, आणि २०१४ ला डिमेन्शियामुळे कायमचं थांबावं लागलं तेव्हाही तोच आला. २०१७ मधे गेला, ६४ वर्षांचा होता.