अणू, परमाणू, रेणू आणि मोल

प्रश्न असा आहे: हिंदीतल्या विज्ञानाच्या पुस्तकात 'पाण्याचा अणु' असं लिहिलेलं असतं, मराठी पुस्तकात मात्र 'पाण्याचा रेणू'. हिंदीत ज्याला 'परमाणु' म्हणतात त्याला मराठीत 'अणू' म्हणतात. मग बरोबर कोण? आणि त्याच धड्यात पुढे येणाऱ्या 'मोल' या एककाचा 'मोलाचा सल्ला'मधल्या मोलाशी काही संबंध आहे का?

पहिल्या प्रश्नाचं थेट उत्तर हे की दोघेही बरोबर आहेत, फक्त दोघांच्या परिभाषा वेगळ्या आहेत आणि त्यांची सरमिसळ करायची नाही. मूलद्रव्याची ओळख टिकवून धरणारा सर्वांत लहान कण म्हणजे मराठीत अणू, हिंदीत परमाणु. दोन किंवा अधिक अणू रासायनिक बंधाने जोडले जाऊन जो स्वतंत्र कण बनतो तो मराठीत रेणू, हिंदीत अणु. बंगाली आणि गुजराती हिंदीसारख्याच चालतात: परमाणु लहान, अणु त्याच्याहून मोठा. तमिळमध्ये मात्र मराठीप्रमाणे सर्वांत लहान कणाला अणुच म्हणतात. भाषांतर करणाऱ्यांचा घात नेमका इथे होतो. हिंदी मजकुरातला 'अणु' तसाच उचलून 'पाण्याचा अणू' लिहिला की मराठीत ते वाक्य चुकीचं ठरतं, कारण पाणी हे संयुग आहे आणि संयुगाला अणू नसतो, रेणू असतो. गंमत म्हणजे बोलीच्या, वर्तमानपत्री हिंदीत 'अणु बम'ही चालतो. तिथला 'अणु' मराठी अर्थाचा, पाठ्यपुस्तकातला वेगळ्या अर्थाचा. मराठीत अणुबॉम्ब, अणुभट्टी, अणुऊर्जा आणि रसायनशास्त्रातला अणू या सगळ्यांत शब्दाचा अर्थ एकच राहिला आहे, ही मोठी सोय आहे.

आता या शब्दांच्या मुळाशी जाऊ, कारण तिथे बरंच काही सापडतं. संस्कृतात 'अणु' हे मुळात विशेषण आहे: सूक्ष्म, बारीक. विशेषण असल्यामुळे त्याला तरतमभाव, म्हणजे 'अधिक', 'सर्वांत' अशी रूपं, लागतो. कठोपनिषदातलं 'अणोरणीयान्' अनेकांच्या कानावरून गेलेलं असेल, त्याचा अर्थ 'सूक्ष्माहूनही अधिक सूक्ष्म'. 'परमाणु' म्हणजे परम अणु, सूक्ष्मतेची शेवटची पायरी, ज्याच्या पुढे विभाजन नाही. वैशेषिक दर्शनात, ज्याचं जनकत्व कणादांना दिलं जातं, हा परमाणु पायाला आहे. दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक, आणि डोळ्यांना दिसू शकणारी पहिली वस्तू म्हणजे हे त्र्यणुक. त्यालाच त्रसरेणू असंही नाव आहे.

'रेणू' मुळात धूळ, रजःकण, फुलातला पराग. झरोक्यातून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत जो कण तरंगताना दिसतो तो त्रसरेणू. मनुस्मृतीत वजनमापांची मालिका याच त्रसरेणूपासून सुरू होते: मापांतलं पहिलं माप हे. आठ त्रसरेणूंची एक लिक्षा, तीन लिक्षांची एक राजसर्षप म्हणजे मोहरी, आणि असं चढत चढत सोन्याच्या वजनापर्यंत. म्हणजे परंपरेतही अणूची कल्पना करायची आणि रेणू दिसायचा. तुकोबांनी 'अणुरेणिया थोकडा' म्हटलं तेव्हा ही जोडी मराठी कानांना परकी नव्हती. आधुनिक रसायनशास्त्राने या जोडीतल्या दोन शब्दांना दोन पक्के अर्थ दिले, आणि लहान-मोठेपणाचा क्रम तोच राहिला. त्यापलीकडे जाऊन 'द्व्यणुक म्हणजेच हायड्रोजनचा रेणू' असं मात्र मी कधी म्हणणार नाही. वैशेषिकांचे परमाणु पृथ्वी, आप, तेज आणि वायू या चार द्रव्यांचे होते आणि त्यांची मांडणी तत्त्वज्ञानाची होती. तराजू आणि वायूची आकारमानं यांतून निघालेला अणू ही वेगळी गोष्ट आहे. दोन्हींचा आदर राखायचा तर दोन्ही वेगळ्या ठेवाव्या लागतात.

मराठीची निवड मला अधिक पसंत आहे, आणि त्याची दोन कारणं आहेत. अणु आणि परमाणु हे शब्द एका उपसर्गाने वेगळे होतात, त्यामुळे घाईत ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो. अणू आणि रेणू उच्चारात, लिहिण्यात स्पष्ट वेगळे राहतात. दुसरं कारण अर्थाचं आहे. ग्रीक 'आटोमोस' म्हणजे 'न कापता येणारा'. १८९७ मध्ये जे. जे. टॉमसन यांनी इलेक्ट्रॉन दाखवला, १९११ मध्ये रदरफोर्ड यांनी केंद्रक मांडलं, आणि त्या ग्रीक नावातला दावा गळून पडला. 'परमाणु'मधल्या 'परम'चंही तेच झालं, कारण त्याहून सूक्ष्म कण आहेत. 'अणू' मात्र अविभाज्य असल्याचा दावा करतच नाही. तो फक्त 'अतिशय बारीक' एवढंच सांगतो, आणि ते आजही खरं आहे.

शुद्धलेखनाचं इथेच सांगून टाकतो. सुटा शब्द दीर्घ: अणू, रेणू, अणूचा, रेणूंचे. समासात पहिलं पद असेल तर ऱ्हस्व: अणुवस्तुमान, रेणुसूत्र, अणुबॉम्ब. जुन्या पुस्तकांत 'अणुभार' दिसेल. वस्तुमान आणि वजन या वेगवेगळ्या राशी असल्यामुळे 'अणुवस्तुमान' हा शब्द अधिक नेमका आहे.

या दोन शब्दांतला फरक क्षुल्लक वाटत असेल तर युरोपात काय झालं ते पाहावं. तिथे हा फरक नीट न ठरल्यामुळे रसायनशास्त्र जवळजवळ अर्धं शतक अडखळत होतं. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी १८०८ मध्ये आपला अणुसिद्धांत सविस्तर मांडला, पण पाण्याच्या कणालाही ते 'संयुक्त अणू' म्हणत. त्यांच्या मते तो हायड्रोजनच्या एका आणि ऑक्सिजनच्या एका अणूने बनलेला होता. पाण्यात वस्तुमानाने हायड्रोजनच्या एका भागाला ऑक्सिजनचे ८ भाग असतात. एकास एक मानलं की ऑक्सिजनचं अणुवस्तुमान ८ ठरतं. प्रत्यक्षात हायड्रोजनचे अणू दोन आहेत, म्हणून ते १६ आहे. (डाल्टन यांची मोजणी ढोबळ होती, त्यांचा तेव्हाचा आकडा ७ होता.) १८११ मध्ये इटलीतले शास्त्रज्ञ आवोगाद्रो यांनी वाट दाखवली: समान तापमान आणि समान दाब असताना वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते, आणि ऑक्सिजन, हायड्रोजन यांसारख्या वायूंचे रेणू दोन भागांत विभागले जाऊ शकतात. पण त्यांची परिभाषा बघा! त्यांनी 'अणू' हा शब्द वापरलाच नाही. सगळेच 'रेणू': त्यांत जो अणू होता त्याला 'मूलभूत रेणू' आणि बाकीच्यांना आणखी वेगवेगळी विशेषणं. वाचणाऱ्यांना ते पचलं नाही, आणि सारखे अणू एकमेकांना धरून राहतील हेही अनेकांना पटत नव्हतं.

शेवटी सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरुए इथे रसायनशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि तिच्यापुढचा एक मुख्य प्रश्न हाच होता की अणू कशाला म्हणायचं आणि रेणू कशाला. तिथे इटालियन रसायनशास्त्रज्ञ कानिझारो यांनी आवोगाद्रोंची कल्पना नव्याने समजावली, त्यांची छापील पुस्तिका लोकांच्या हाती गेली, आणि पुढच्या काही वर्षांत अणुवस्तुमानांचे आकडे एका रांगेत आले. आवोगाद्रो हे पाहायला नव्हते, १८५६ मध्येच ते वारले होते. शब्द नीट ठरले की आकडेही ठरतात, याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

आता 'मोल'. आपलं मोल संस्कृत 'मूल्य'पासून आलं, प्राकृतातल्या 'मोल्ल' या रूपातून. अनमोल, कवडीमोल, मातीमोल, मोलमजुरी, मोलकरीण, या सगळ्यांत किंमत किंवा मजुरी हा अर्थ आहे. रसायनातलं मोल जर्मनमधून आलं. रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांनी १८९० च्या दशकात 'मोलेक्यूल' म्हणजे रेणू या शब्दावरून ते छोटं रूप वापरात आणलं. 'मोलेक्यूल'चं मूळ लॅटिन 'मोलेस', म्हणजे मोठा ढीग, वस्तुमान; त्याचं लघुत्वदर्शक रूप म्हणजे इवलासा ढीग. तेव्हा दोन मोलांचा नातेसंबंध काही नाही, केवळ ध्वनिसाम्य आहे. आणखी एक गोष्ट: ज्या ऑस्टवाल्ड यांनी हा शब्द दिला तेच बराच काळ अणूंचं अस्तित्व मानायला तयार नव्हते.

मराठी व्याकरणाने या दोन शब्दांना आपोआप वेगळं केलं आहे, हे मला फार आवडतं. मूल्य या अर्थाचं मोल विभक्ती घेताना बदलतं: मोलाचं, मोलाने. एकक असलेलं मोल ग्रॅम, मीटर, लिटर यांच्या पंगतीत बसतं आणि बदलत नाही: ग्रॅमचं, मीटरचं, तसं मोलचं. 'एका मोलचं वस्तुमान' आणि 'मोलाची मदत' यांत एक काना सगळा फरक सांगून जातो. म्हणून 'ऑक्सिजनच्या एका मोलाचं वस्तुमान' असं लिहू नये, असं माझं आग्रहाचं मत आहे.

मोल ही मोजण्याची रीत आहे. डझन म्हटलं की १२, मग मोजायची वस्तू कोणतीही असो. तसं मोल म्हटलं की ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात. आपल्या भाषेत सांगायचं तर सुमारे ६०२ कोटी कोटी कोटी, किंवा साठ लाख परार्ध. पूर्वी ही व्याख्या कार्बन-१२ च्या १२ ग्रॅममध्ये जितके अणू तितके, अशी होती. २० मे २०१९ पासून वरचा आकडाच व्याख्येने ठरवून दिलेला आहे. आवोगाद्रोंनी हा आकडा कधी काढला नव्हता. त्यांचं नाव त्याला फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ झां पेरँ यांनी १९०९ मध्ये दिलं.

डझन म्हटल्यावर 'कशाचे?' हे विचारावंच लागतं, आणि इथे अणू-रेणूचा प्रश्न पुन्हा समोर येतो. 'एक मोल ऑक्सिजन' हे वाक्य अर्धवट आहे. ऑक्सिजनचे अणू मोजले तर एका मोलचं वस्तुमान १६ ग्रॅम, रेणू मोजले तर ३२ ग्रॅम. उत्तर दुपटीने चुकण्यासाठी एवढी संदिग्धता पुरे आहे. वायूबद्दल बोलताना सहसा रेणूच अभिप्रेत असतात, पण लिहिताना 'ऑक्सिजन रेणूंचा एक मोल' असं लिहिणं केव्हाही चांगलं. ज्यांना 'अणु' म्हणजे रेणू वाचायची सवय आहे त्यांनी तर इथे दुप्पट सावध राहावं. मिठाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. 'मिठाचा रेणू' असा शब्दप्रयोग सर्रास होतो, पण मिठाच्या स्फटिकात सुटे रेणू नसतातच. सोडिअमचे आणि क्लोरीनचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, एकाआड एक, तिन्ही दिशांना रचलेले असतात. म्हणून तिथे 'सूत्रएकक' (सूत्रात दिसतो तेवढा गट, इथे सोडिअमचा एक आणि क्लोरीनचा एक आयन) म्हणावं: मिठाच्या सूत्रएककांचा एक मोल, ५८.५ ग्रॅम.

प्रश्नात नव्हता तरी याच धड्यातला एक शब्द राहतो, 'स्टॉइकिओमेट्री'. जर्मन रसायनशास्त्रज्ञ येरेमियास रिश्टर यांनी १७९२ मध्ये तो ग्रीकवरून घडवला: 'स्टॉइकेइऑन' म्हणजे मूलद्रव्य, 'मेट्रॉन' म्हणजे माप. ग्रीकमध्ये 'स्टॉइकेइऑन'चा अर्थ वर्णमालेतलं अक्षर असाही होतो, म्हणजे वर्णांपासून शब्द आणि मूलद्रव्यांपासून पदार्थ अशी कल्पना त्या एका शब्दात आधीपासून होती. बोजड संस्कृत प्रतिशब्द लादण्यापेक्षा 'अभिक्रियेतल्या प्रमाणांचं गणित' असं सरळ सांगावं आणि संज्ञा म्हणून स्टॉइकिओमेट्री ठेवावी, असं मला वाटतं. करायचं काय ते त्यातून लगेच कळतं. हायड्रोजनचे २ रेणू आणि ऑक्सिजनचा १ रेणू मिळून पाण्याचे २ रेणू होतात. रेणूंच्या जागी मोल घातले की तेच प्रमाण ग्रॅममध्ये येतं: ४ ग्रॅम हायड्रोजन, ३२ ग्रॅम ऑक्सिजन, ३६ ग्रॅम पाणी.

समजा १० ग्रॅम हायड्रोजन आणि ६४ ग्रॅम ऑक्सिजन घेतला. वस्तुमान पाहून ऑक्सिजन भरपूर आहे असं वाटतं, पण मोलमध्ये पाहिलं तर हायड्रोजन रेणूंचे ५ मोल आहेत आणि ऑक्सिजन रेणूंचे २. दोन मोल ऑक्सिजनला ४ मोल हायड्रोजन लागतो, म्हणून आधी संपतो तो ऑक्सिजन. पाण्याचे ४ मोल, म्हणजे ७२ ग्रॅम, तयार होतात आणि २ ग्रॅम हायड्रोजन उरतो. हेच उदाहरण ऑक्सिजनचे 'अणू' धरून सोडवून पाहा: ६४ ग्रॅममध्ये ४ मोल निघतील, त्यांना रेणू समजून समीकरणात घातलं तर ८ मोल हायड्रोजन लागेल, आणि आधी संपणारा पदार्थ हायड्रोजन ठरेल.