बीट, खजूर, अळीव खाऊनही हिमोग्लोबिन 9 वरच का?

“मॅडम, रोज अर्धं बीट, चार खजूर, अळिवाचा लाडू. आता आणखी काय खाऊ?” 34 वर्षांच्या शिक्षिकेचा हा प्रश्न. हिमोग्लोबिन 9.2, फेरिटिन (अंगातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा) 7. तीन महिने लोहाची गोळी घेऊनही आकडे जागचे हलले नव्हते.

तिचा दिवस घड्याळ लावून लिहून घेतला. सकाळी सहाला ॲसिडिटीची गोळी; दोन वर्षांपूर्वी लिहून दिलेली, तिनेच पुढे चालू ठेवलेली. साडेसातला पोळी-भाजी, चहा आणि त्याच घोटाबरोबर लोहाची व कॅल्शियमची गोळी. शाळेत डबा संपतो न संपतो तोच पुन्हा चहा. मळमळतं म्हणून आठवड्यातून दोन-तीन गोळ्या चुकायच्या, पण हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

चहातली टॅनिनं आतड्यातच लोहाला धरून ठेवतात, कॅल्शियम शोषणाच्या आड येतं आणि पोटातलं आम्ल कमी असलं की शाकाहारी जेवणातलं लोह नीट विरघळत नाही. म्हणजे तिन्ही अडथळे एकाच सकाळी. बीटाबद्दलचा गैरसमज तर आवर्जून दूर करायला हवा: 100 ग्रॅम बीटात लोह जेमतेम 1 मिलिग्रॅमच्या आसपास असतं आणि आपल्याकडच्या शिफारशीनुसार (2020) बाईची रोजची गरज 29 मिलिग्रॅम आहे. रंग लाल म्हणून रक्त वाढत नाही.

लाडू बंद केला नाही, वेळा बदलल्या. लोहाची गोळी सकाळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर. कॅल्शियम रात्री जेवणानंतर. चहा जेवणाच्या आधी किंवा नंतर किमान एक तास सोडून. डब्यात मटकीची किंवा मुगाची उसळ, वर लिंबू. पण लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळायचं, कारण उकळताना क जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं. मोड आल्याने फायटेट (कडधान्यातला लोह अडवणारा घटक) कमी होतं, म्हणून भिजवलेल्या कडधान्यापेक्षा मोडाचं बरं. आवळा किंवा पेरूची फोड असेल तर उत्तमच.

मळमळीसाठी डॉक्टरांशी बोलून गोळी एक दिवसाआड केली. 60 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त लोह पोटात गेलं की हेप्सिडिन (लोहाच्या शोषणाला लगाम घालणारं संप्रेरक) वाढतं आणि साधारण दिवसभर पुढच्या मात्रेचं शोषण रोखून धरतं. त्यामुळे दिवसाआड घेतलेल्या गोळीतला जास्त वाटा अंगी लागतो. गरोदर बाईने मात्र हा बदल स्वतःहून करू नये. शी काळी होईल हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं. न सांगितल्यास बायका घाबरून गोळी सोडतात. ॲसिडिटीच्या गोळीची गरज डॉक्टरांनी पुन्हा तपासली.

एक प्रश्न संकोचाने राहून जातो, तो विचारलाच: पाळी किती दिवस? आठ दिवस, रक्ताच्या गाठी, पहिले दोन दिवस दर दीड तासाला पॅड. इतकं रक्त जात असताना आहार एकट्याने कुठवर पुरणार? स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइड (कर्करोगाची नसलेली गाठ) दिसला, उपचार सुरू झाले.

चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन 10.6. ते 12 च्या वर गेल्यावरही गोळी आणखी तीन महिने चालणार आहे, कारण रक्तातला आकडा आधी भरतो, साठा मागाहून. तेव्हा फेरिटिन पुन्हा बघायचं, पण सर्दी-ताप असताना नाही. संसर्गात ते खोटंच वाढलेलं दिसतं.