‘मुलगेच आहेत, मस्करी करणारच’

शाळेत इतर मुलांनी आपल्या मुलाची नको तशी छेड काढली, तर ती मस्करी समजून सोडून द्यावी की तक्रार करावी, आणि तक्रार केल्यास आपल्याच लेकराचे हसे होणार नाही ना, हा प्रश्न पालक मला वरचेवर विचारतात. मुलीच्या बाबतीत ते निदान घाबरून लवकर येतात. मुलगा असला की ‘एवढं काय त्यात’ म्हणण्यात महिने निघून जातात. म्हणून येथे एका मुलाचीच हकिकत सांगते. ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत.

आठवीतल्या या मुलाला आईवडील घेऊन आले ते पोटदुखीच्या आणि लघवीच्या जळजळीच्या तक्रारीनंतर. डॉक्टरांनी तपासण्या करून औषध दिले होते आणि मुलगा पाणी फार कमी पितो, असे सांगितले होते. तो पाणी का पीत नाही, हे मात्र कोणी विचारले नव्हते. आईच्या बोलण्यातून ते हळूहळू उलगडत गेले. शाळेत नेलेली पाण्याची बाटली संध्याकाळी भरलेलीच परत येई, घरात पाऊल टाकताच तो दप्तरासकट संडासाकडे धावे, आणि ऐन उन्हाळ्यातही गणवेशाच्या पँटखाली तो नाडीची ट्रॅकपँट घालून जाई. त्या नाडीला तो इतक्या गाठी मारी की एकदा ती कात्रीने कापावी लागली. वडिलांचे म्हणणे एवढेच होते : ‘मॅडम, पोरगा लाजाळू आहे, जरा धीट करा त्याला.’

मी त्याला एकट्याला बसवून शाळेचा दिवस सकाळपासून क्रमाने सांगायला सांगितले. परिपाठ, पहिला तास, गणिताच्या बाई असे सगळे तो तपशिलाने सांगत होता. पण मधली सुट्टी जवळ आली की थेट पुढच्या तासावर उडी मारत होता. ‘आणि मधल्या सुट्टीत?’ एवढेच मी विचारले. त्यावर त्यानेच मला विचारले, ‘तुम्ही पप्पांना नाही ना सांगणार?’ अशा वेळी ‘नाही सांगणार’ असे वचन देण्याचा मोह मोठ्यांना होतो. ते देऊ नये, कारण ते पाळता येत नाही आणि मोडले की मूल पुन्हा कोणालाच काही सांगत नाही. तुला सुरक्षित ठेवण्यासाठी ज्यांना सांगणे भाग आहे त्यांनाच सांगेन, आणि त्यांना सांगण्याआधी तुला कळवेन, असे मी त्याला म्हटले.

मग तो बोलला. वरच्या वर्गातील तिघे त्याला संडासात गाठत, ‘बघू, मुलगा आहेस की मुलगी’ म्हणत पँट ओढत आणि नको तिथे हात लावत. एकदा त्यांनी मोबाइलवर चित्रण केले होते आणि कोणाला सांगितलेस तर ते ग्रुपवर टाकू, अशी धमकीही दिली होती. हे सगळे तो हसत हसत सांगत होता. हे हसू ओळखता आले पाहिजे. वर्गशिक्षकांनी एकदा हा प्रकार अर्धवट पाहिला होता, पण ‘तोही हसत होता’ म्हणून त्यांनी तो सोडून दिला होता. घेरलेले मूल हसते ते बहुधा प्रकरण लवकर संपावे म्हणून.

मस्करी आणि छळ यांतला फरक पालकांना सांगताना मी दोन गोष्टी तपासायला सांगते. ‘पुरे’ म्हटल्यावर प्रकार थांबतो का, आणि हाच प्रकार शिक्षकांसमोर झाला असता का? मस्करीत आज एकाची पाळी येते, उद्या दुसऱ्याची. इथे पाळी नेहमी एकाचीच होती, जागा आडबाजूची होती, आणि हात शरीराच्या खासगी भागाकडे जात होते.

शाळेने सुरुवातीला ‘आपसात मिटवा’ हा मार्ग सुचवला : तिघांना बोलावून माफी मागायला लावायची आणि हात मिळवायला सांगायचे. याला मी स्पष्ट विरोध केला. ज्यांची भीती वाटते त्यांच्यासमोर उभे राहून ‘माफ केले’ म्हणणे ही त्या मुलाच्या दृष्टीने आणखी एक जबरदस्तीच असते. शिवाय हे शाळेने आपल्या पातळीवर मिटवायचे प्रकरणही नव्हते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा 2012 चा कायदा, म्हणजे पोक्सो, मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही. असा अपराध घडल्याचे कळल्यावर पोलिसांना कळवणे त्यातील कलम 19 नुसार प्रत्येकाला बंधनकारक आहे. त्यात मुख्याध्यापक आले आणि मीही आले. मुलांचा हेतू लैंगिक होता की नाही, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. तो पुराव्यावरून ठरतो, मुख्याध्यापकांच्या कार्यालयात नव्हे.

वडिलांना धास्ती होती ती पोलीस ठाण्याच्या पायरीची. कायद्यानुसार मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, त्याचा विश्वास असलेल्या व्यक्तीच्या उपस्थितीत घेतला जातो आणि घेणारा अधिकारी गणवेशात नसतो. मुलाची ओळख माध्यमांत उघड करण्यालाही मनाई आहे. हे कळल्यावर ते पुष्कळ निवळले. कोणाला विचारावे हेच सुचत नसेल, तर 1098 हा बालकांसाठीचा क्रमांक आहे.

चित्रणाबद्दल मात्र मी त्यांना कडक शब्दांत सांगितले. ‘पुरावा म्हणून मागवून घेतो आणि पालकांच्या ग्रुपवर टाकतो, मग कळेल एकेकाला,’ असे त्यांच्या मनात होते. अल्पवयीन मुलाचे असे चित्रण पुढे पाठवणे हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो, मग पाठवणारा त्याचा बाप का असेना, आणि त्यात बदनामी होते ती आपल्याच मुलाची. कोणाच्या मोबाइलवर, कधी आणि कोणी पाहिले, एवढे लिहून ठेवावे आणि बाकीचे पोलिसांवर सोडावे.

आईचा प्रश्न वेगळा होता : ‘त्या पोरांचं आयुष्य बरबाद नाही ना होणार?’ तो विचारताना तिला अपराधी वाटत होते, ते वाटण्याचे कारण नव्हते. 18 वर्षांखालील मुलांची प्रकरणे बाल न्याय मंडळापुढे जातात आणि तेथे भर समुपदेशनावर व सुधारणेवर असतो. या तिघांतील एकाला दोन वर्षांपूर्वी त्याच संडासात असेच गाठले गेले होते, हे पुढे उघड झाले. त्याने केलेले त्यामुळे क्षम्य ठरत नाही. पण त्या वेळी ‘मुलगेच आहेत’ म्हणून कोणी दुर्लक्ष केले नसते, तर तो कदाचित या बाजूला आला नसता.

महाराष्ट्रात 2022 च्या शासन निर्णयानुसार शाळांमध्ये विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असणे अपेक्षित आहे. या शाळेत ती कागदावर होती. सदस्यांची नावे लिहिलेला फलक कपाटामागे ठेवलेला होता. तो बाहेर लावला गेला आणि मधल्या सुट्टीत संडासाजवळ शिक्षकांची पाळी लागली. मुलाची शाळा बदलण्याचा विचार पालकांनी बोलून दाखवला, तेव्हा मी घाई करू नये असे सुचवले. मैत्री, बाक, आवडत्या बाई हे सगळे त्यानेच का सोडायचे? वेळा आणि मार्ग बदलले ते त्या तिघांचे. त्याची सत्रे अजून चालू आहेत. पाण्याची बाटली आता अर्धी रिकामी होऊन येते. ट्रॅकपँट तो अजून घालतो, आणि ती काढायला सांगू नये, असे मी आईला सांगितले आहे.