वाचकांचे प्रश्न : बॅटरीवरची मशीन घेताना कंपनी कशी निवडावी?

प्रश्न : कोल्हापुरात माझा मॉड्युलर किचन आणि कपाटे बनवण्याचा छोटा कारखाना आहे. कटिंग आणि एजबँडिंग कारखान्यातच होते. फिटिंगसाठी मात्र दोन कारागीर रोज ग्राहकांच्या घरी जातात आणि नव्या इमारतींत अनेकदा वीज जोडलेलीच नसते. त्यामुळे बॅटरीवरच्या मशीनचा संच घ्यायचा आहे. बॉश, मकिता आणि डिवॉल्ट यांपैकी कोणती कंपनी चांगली? शिवाय खोक्यांवर कुठे १८, कुठे २० तर कुठे २१ व्होल्ट लिहिलेले असते आणि एका स्वस्त मशीनवर ४८ व्होल्ट असेही छापलेले पाहिले. जास्त व्होल्टचे मशीन घेणेच योग्य नाही का?

उत्तर : आधी व्होल्टचा गोंधळ दूर करू, कारण बहुतेक ग्राहक तिथेच फसतात. लिथियम-आयन सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट धरला जातो आणि तोच सेल पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट दाखवतो. असे पाच सेल एकापुढे एक जोडले की सरासरीने १८ आणि पूर्ण चार्ज असताना २१ व्होल्ट मिळतात. म्हणजे बॉश व मकिताचे १८, डिवॉल्टचे ‘२० व्होल्ट मॅक्स’ आणि स्वस्त मशीनवरचे २१ हे सगळे पाच सेलांचेच आहेत. डिवॉल्टची हीच बॅटरी युरोपात १८ व्होल्ट म्हणून विकली जाते. ‘१२ व्होल्ट मॅक्स’मध्ये तीन सेल असतात, म्हणजे प्रत्यक्षात १०.८ व्होल्ट. मकिताच्या ४० व्होल्ट मॅक्समध्ये मात्र एकापुढे एक दहा सेल असतात. त्याचा सरासरी दाब ३६ व्होल्ट भरतो आणि तो खराच वरचा वर्ग आहे. आपण पाहिलेल्या ४८ व्होल्टच्या मशीनचा चार्जर उलटा करून ‘आउटपुट’समोरचा आकडा वाचावा. तो २१ असेल, तर आत पाचाचीच जोडणी आहे आणि खोक्यावरचा ४८ हा आकडा निव्वळ दिशाभूल करणारा आहे.

व्होल्टपेक्षा अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता पाहणे अधिक उपयोगाचे. १८ व्होल्टला २ अँपिअर-अवरने गुणले तर ३६ वॉट-तास आणि ५ ने गुणले तर ९० वॉट-तास, एवढी ऊर्जा बॅटरीत साठते. २ अँपिअर-अवरच्या बॅटरीत सहसा पाच सेलांची एकच रांग असते, तर ५ च्या बॅटरीत दोन रांगा मिळून दहा सेल असतात. भार दोन रांगांत वाटला गेल्यामुळे तेच मशीन मोठ्या बॅटरीवर अधिक जोमाने चालते आणि बॅटरीही कमी तापते. मात्र डोक्याच्या वर हात धरून दिवसभर स्क्रू मारणाऱ्या कारागिराला लहान बॅटरीच सोसवते. म्हणून आपल्या कामासाठी दोन्ही मापांच्या बॅटऱ्या हव्यात.

टॉर्कच्या, म्हणजे फिरवण्याच्या जोराच्या आकड्यालाही दोन बाजू असतात. खोक्यावर ठळक छापलेला आकडा ‘हार्ड’ टॉर्कचा, म्हणजे धातूवर स्क्रू घट्ट बसून मशीन अडते त्या क्षणाचा असतो. लाकडात स्क्रू हळूहळू शिरत जातो तेव्हा ‘सॉफ्ट’ टॉर्क कामाला येतो. बॉशच्या जीएसबी १८०-एलआय या कार्बन ब्रशच्या मॉडेलचा हार्ड टॉर्क ५४ न्यूटन-मीटर आणि सॉफ्ट २१ आहे. जीएसबी १८व्ही-५० या ब्रशलेस मॉडेलचे हेच आकडे ५० आणि २८ आहेत. खोके वाचून निवडणारा पहिले घेईल, पण सुताराला दुसरे अधिक उपयोगी पडेल. रोज मशीन चालवणाऱ्याने ब्रशलेसच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात कार्बन झिजत नाहीत आणि एका चार्जमध्ये कामही जास्त होते.

आता कंपनीबद्दल. या तिन्ही कंपन्यांच्या व्यावसायिक श्रेणीतली मशीन चांगली आहेत आणि एकेका ड्रिलची तुलना करून आपल्या हाती फार काही लागणार नाही. आपण विकत घेत आहात ती खरे तर बॅटरीची जात. एकदा चार बॅटऱ्या आणि दोन चार्जर घेतले की पुढची मशीन त्याच बॅटरीवर चालणारी, बॅटरी-चार्जरविना नुसती घेता येतात आणि ती बरीच स्वस्त पडतात. कंपनी बदलायची म्हटले तर आधीचा सगळा खर्च वाया जातो. मकिताची एलएक्सटी ही १८ व्होल्टची श्रेणी २००५ पासून चालू आहे आणि जगभर तिच्यावर चालणारी तीनशेहून अधिक मशीन निघालेली आहेत. बॉशच्या निळ्या, म्हणजे व्यावसायिक श्रेणीच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्या २००८ पासूनच्या मशीनना चालतात. इतकी वर्षे बॅटरी मशीनला बसण्याची रचना न बदलणे ही कारागिराच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे. म्हणून पुढच्या पाच वर्षांत लागणाऱ्या मशीनची यादी आधी करावी. आपल्या धंद्यात जिगसॉ, सर्क्युलर सॉ, ट्रिमर आणि पिन नेलर ही नावे त्यात येतीलच. मग त्यांतली किती मशीन भारतात, त्याच बॅटरीवर, आपल्या दुकानदाराकडे मिळतात ते विचारावे. परदेशी कॅटलॉगात असलेले मशीन इथे मिळेलच असे नाही.

इथे एक खाचखळगा आवर्जून सांगतो. कंपनी तीच आणि व्होल्टही तेच म्हणून बॅटरी बसेल, असे समजू नये. मकिताच्या जी-सीरिजची मशीन १८ व्होल्टचीच असली आणि किमतीने आकर्षक वाटली, तरी त्यांची बॅटरी एलएक्सटी मशीनला बसत नाही. बॉशच्या हिरव्या, घरगुती श्रेणीची बॅटरी निळ्या मशीनला चालत नाही. एलएक्सटीची बॅटरी ४० व्होल्टच्या मशीनवर चालत नाही. पैसे देण्यापूर्वी दुकानातच एका मशीनची बॅटरी काढून दुसऱ्या मशीनला लावून पाहावी. दोन मिनिटांचे काम आहे.

यानंतर कौल देणारी गोष्ट म्हणजे सेवा केंद्र. कोल्हापुरात ज्या कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र आहे तिथे स्वतः जावे, घ्यायच्या मॉडेलचे नाव सांगून स्विच, चक आणि मोटर यांच्या किमती विचाराव्यात आणि हे भाग तिथे शिल्लक असतात की मागवावे लागतात तेही पाहावे. काउंटरवरच्या माणसाला उत्तर चटकन देता आले, तर ती कंपनी आपल्यासाठी चांगली. जिल्ह्याच्या ठिकाणी सुटे भाग मिळण्यात बॉश सहसा उजवी ठरते, म्हणून इतर सर्व सारखे असेल तर मी तिच्याकडे झुकेन. पण आपल्या गावात मकिताचे केंद्र तत्पर असेल, तर मकिता निःशंक घ्यावी. डिवॉल्टची मशीन दणकट असतात आणि बांधकामावरच्या दांडगाईला पुरून उरतात, पण कपाटांच्या फिटिंगला तेवढ्या दणकटपणाची गरज सहसा पडत नाही. हिल्टी थेट ग्राहकाला विकते आणि मासिक शुल्कावरही मशीन देते. ती सोय मोठ्या ठेकेदारांच्या उपयोगाची आहे. इंगको, टोटल, डोंगचेंग यांसारख्या चिनी कंपन्यांची मशीन अधूनमधून वापरायला वाईट नाहीत. रोजच्या धंद्यासाठी घेणार असाल, तर तीन वर्षांनी तीच बॅटरी मिळेल याची खात्री दुकानदाराकडून करून घ्यावी.

संचाबद्दल थोडे. प्रत्येक कारागिराला क्लच (ठरवलेल्या जोरानंतर सुटणारी जोडणी) असलेले एक ड्रिल आणि दोघांत मिळून एक इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे ठोके देत स्क्रू फिरवणारे मशीन, द्यावा. लांब स्क्रू इम्पॅक्ट ड्रायव्हर लोण्यासारखे बसवतो. पण बहुतेक इम्पॅक्ट ड्रायव्हरना क्लच नसतो, म्हणून पार्टिकल बोर्डात बिजागरीचे स्क्रू त्याने मारू नयेत. स्क्रू टेकल्यावर एक ठोका जरी जास्त पडला, तरी आतला भुसा सुटतो, स्क्रू जागेवर फिरत राहतो आणि दोन महिन्यांत दार खाली उतरते. ड्रिलच्या गळ्याशी असलेली आकड्यांची कडी कमी आकड्यावर ठेवून सुरुवात करावी आणि स्क्रूचे डोके बिजागरीला टेकताच क्लच ‘टर्र’ करून सुटेल इतपतच आकडा वाढवावा. वरची कपाटे टांगताना आरसीसीची बीम किंवा कॉलम आला, तर इम्पॅक्ट ड्रिलने झगडत बसू नये. त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून लहान ठोके देतात, ते विटेच्या भिंतीला पुरतात. काँक्रीटला एसडीएस प्लस बिटचा रोटरी हॅमरच लागतो, कारण त्यातला पिस्टन हवेच्या दाबाने खरा ठोका मारतो.

प्रश्न : नाशिकला अंबड औद्योगिक वसाहतीत माझे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. वायरींच्या गुंत्याला कंटाळून सगळे ग्राइंडर बॅटरीवरचे करावेत असा विचार आहे. कोणत्या कंपनीचे घ्यावेत?

उत्तर : सगळे बदलू नयेत, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. चार इंची ग्राइंडर सतत दाबून चालवला आणि तो ७०० वॉट घेत असेल, तर ९० वॉट-तासांची बॅटरी आठ मिनिटांच्या आत संपते. ब्रशलेस मोटर वीज काहीशी कमी खाते, म्हणून दहा-बारा मिनिटे धरा. मकिताच्या वेगवान चार्जरला ५ अँपिअर-अवरची बॅटरी भरायला साधारण ४५ मिनिटे लागतात. म्हणजे एक ग्राइंडर अखंड चालू ठेवायलाच पाच-सहा बॅटऱ्या आणि चार-पाच चार्जर गुंतून पडतील. वेल्डिंगचे सांधे घासण्याचे काम टेबलावर, प्लगशेजारी होत असेल, तर वायरचा ग्राइंडरच किफायतशीर आहे. वायरींचा गुंता छतावरून सोडलेल्या सॉकेटांनी सुटतो.

रेलिंग, ग्रिल किंवा शेड जागेवर बसवायला जाणाऱ्या टोळीसाठी मात्र एक-दोन बॅटरीचे ग्राइंडर जरूर घ्यावेत. शिडीवर उभ्या माणसाच्या पायात वायर नसणे ही सुरक्षिततेची मोठी बाब आहे. निवडताना ब्रँडइतकेच दोन गुणांकडे लक्ष द्यावे : बटण सोडताच चकती थांबवणारा ब्रेक आणि चकती अडकल्यास मोटर बंद करणारे संरक्षण. ब्रशलेस मोटरच्या रोटरमध्ये चुंबक असतात आणि ते लोखंडाचा कीस ओढून घेतात, म्हणून रोज संध्याकाळी बॅटरी काढून मशीनच्या जाळ्या ब्रशने झाडाव्यात.

प्रश्न : मी चंद्रपूरला वायरिंगची कामे करतो. मे महिन्यात दुपारी बॅटरी लावली की चार्जरचा दिवा नुसता लुकलुकतो आणि चार्जिंग सुरू होत नाही. रात्री तीच बॅटरी नीट चार्ज होते. चार्जर खराब आहे का?

उत्तर : चार्जर त्याचे काम चोख करत आहे. साधारण ४५ अंशांच्या वर लिथियम सेल चार्ज केल्यास त्याचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून बॅटरीतल्या तापमापकाकडून इशारा मिळताच चार्जर थांबून राहतो. चंद्रपुरात मे महिन्यात सावलीतले तापमानच तिथपर्यंत जाते. उन्हात उभ्या दुचाकीच्या डिकीतली किंवा नुकतीच काम करून तापलेली बॅटरी त्याहून कितीतरी गरम असते. तिला सावलीत, वाऱ्यावर तासभर पडू द्यावे. फ्रिजमध्ये किंवा बर्फाजवळ ठेवू नये, आत ओल धरते. काही चार्जरना पंखा असतो आणि मकिताचा डीसी१८आरसी बॅटरीच्या आतून हवा खेळवतो. विदर्भातल्या कारागिराने असा चार्जर घेण्यासाठी थोडे जास्त पैसे मोजावेत. थंड झालेली बॅटरीही चार्ज होईना आणि त्याच चार्जरवर दुसरी मात्र होत असेल, तेव्हाच बॅटरीत दोष आहे असे समजावे.

अशा वेळी बाजारात ‘सेल बदलून देतो’ म्हणणारे भेटतात. जुन्या-नव्या, वेगवेगळ्या क्षमतेच्या सेलांची जोडणी आग लावू शकते. त्या मोहात पडू नये. नवी बॅटरी घेताना तिच्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला आहे ना, ते पाहूनच पैसे द्यावेत.

प्रश्न : भाऊ अमेरिकेहून येताना डिवॉल्टचा संच आणणार आहे. तो इथे चालेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मशीन आणि बॅटरी चालतील, कारण अमेरिकेतली २० व्होल्ट मॅक्स आणि इतरत्र विकली जाणारी १८ व्होल्टची बॅटरी एकमेकींच्या जागी बसतात. तिथला चार्जर मात्र १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टवर लावला तर तत्काळ जळेल. चार्जर इथे घ्यावा. वॉरंटी सहसा खरेदीच्या देशापुरतीच असते, हेही गृहीत धरावे. विमानात सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात आणि बॅटरीवर १०० वॉट-तासांपेक्षा मोठा आकडा छापलेला असेल, तर विमान कंपनीची परवानगी आधी घ्यावी लागते. ५ अँपिअर-अवरपेक्षा मोठी बॅटरी आणूच नये, असे भावाला कळवावे.