विश्वस्त रोजच्या कामात ढवळाढवळ करतात आणि स्वयंसेवकांचे प्रमुख सोडून जातात, काय करावं?

कोणता निर्णय कोणाचा हे एका पानावर लिहा आणि मंडळाच्या बैठकीत त्याचा ठराव करून घ्या. सचिव म्हणून इतिवृत्तं लिहिताना मला हेच दिसत आलं आहे: प्रमुख कामाला कंटाळून क्वचितच जातात, ठरवलेलं वरून फिरवलं जातं तेव्हा जातात. धोरण, अंदाजपत्रक, लेखापरीक्षण, मालमत्तेचे व्यवहार हे मंडळाचं. शिबिराची तारीख, पाळ्या, कोणाला कोणतं काम, हे प्रमुखाचं. खरी भांडणं मधल्या पट्ट्यात, म्हणजे खर्चावरून होतात. म्हणून तिथे मोघम लिहू नका, आकडाच घाला: इतक्या रकमेपर्यंत प्रमुखाने विचारायची गरज नाही, त्यापुढे खजिनदाराची मंजुरी.

याहून महत्त्वाचं म्हणजे, मंडळाने वेगळा अधिकार दिला नसेल तर एकट्या विश्वस्ताला हुकूम सोडता येत नाही. अधिकार गणपूर्ती, म्हणजे ठरलेली किमान हजेरी, असलेल्या बैठकीचा असतो. कोणी परस्पर फोन करून "बॅनर बदला" म्हटलं, तर ती सूचना. प्रमुखाने "अध्यक्षांशी बोलून कळवतो" एवढंच म्हणावं, आणि अध्यक्षांनी त्याच्या पाठीशी उभं राहावं. अध्यक्षच कच खाणार असतील तर कागदाचा उपयोग नाही.

मात्र संस्था लहान असेल, पगारी माणसं नसतील, तर विश्वस्तांनाच सतरंज्या घालाव्या लागतात. अशा वेळी कामाच्या जागी विश्वस्तानेही प्रमुखाचंच ऐकायचं, हे त्याच ठरावात लिहा. घटनेत, म्हणजे नियमावलीत, काही वेगळं असेल तर आधी ते बघा.