कुडा ‘कडू’वरून आलेला नाही

कुडा या रानझाडाबद्दलचा प्रश्न असा आहे: ‘कुडा उन्हाळ्यात फुलतो की पावसाळ्यात? साल कडू म्हणून त्याला कुडा म्हणतात, हे खरं का? आणि त्याच्या बिया म्हणजे इंद्रजव, म्हणजेच इंद्रायण ना?’

शेवटचं आधी घेतो, कारण त्यात धोका आहे. इंद्रजव आणि इंद्रायण एक नव्हेत. इंद्रायण म्हणजे कडू वृंदावन, भुईवर पसरणारा वेल. त्याचं फळ जबर रेचक. कुड्याची साल आणि इंद्रजव वैद्य देतात ते हगवण, आव थांबवायला. कुटजारिष्ट, कुटजघनवटी ही औषधं त्याच सालीची. एकाने जुलाब लागतात, दुसऱ्याने आवरतात, आणि तरी नावात ‘इंद्र’ आहे एवढ्यावर दोन्ही एकच म्हणून सांगणारी माणसं मला दर उन्हाळ्यात भेटतात. पुढचा ‘जव’ कुणी ऐकतच नाही. यात्रेची जत्रा झाली, योग्याचा जोगी झाला, तसा इंद्रयवाचा इंद्रजव. बी जवासारखी लांबट, म्हणून यव. आणि अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, कुटजाचं (कुड्याचंच हे संस्कृत नाव) आणखी एक नाव ‘शक्र’ आहे. शक्र म्हणजे इंद्र. इंद्राच्या झाडाचे जव, बस.

आता ‘कडू म्हणून कुडा’. रानवाटांवर ही व्युत्पत्ती इतक्या वेळा ऐकली आहे की आता राग येतो. ‘कटु’चा ‘कडू’ झाला तेव्हा ‘क’ला उकार नव्हता, तो ‘कुडा’त कुठून येईल? बाजारात कडू इंद्रजव आणि गोडा इंद्रजव असे दोन प्रकार मिळतात (गोडा तो काळ्या कुड्याचा, म्हणजे वेगळ्या झाडाचा), त्यावरून हा समज पसरला असावा. सरळ वाट ‘कुटज’, ‘कुडय’, ‘कुडा’ अशी. ‘ट’चा ‘ड’ कीटकाच्या किड्यात दिसतो, मधला ‘ज’ गळणं राजकुलाच्या राउळात दिसतं.

पण खरी गंमत ‘कुटज’मध्येच आहे. कुट म्हणजे घडा, म्हणून घड्यातून जन्मलेला अगस्त्यही कुटज आणि द्रोणही कुटज. झाडाचा घड्याशी काय संबंध? तिथे पंडित अडतात आणि मग ‘कूटे जायते’, डोंगरशिखरावर उगवतो तो, असं सांगतात. पुरावा म्हणून अमरकोशातलंच ‘गिरिमल्लिका’ हे नाव पुढे करतात. पण शिखर म्हणजे ‘कूट’, दीर्घ ऊकार. झाडाच्या नावात तो ऱ्हस्व आहे. अर्थ सोयीचा वाटला म्हणून मात्रा कमी करायची, याला मी व्युत्पत्ती म्हणत नाही.

ज्या शब्दाचा उलगडा त्याच्याच भाषेत असा दोनदा ओढूनताणून करावा लागतो, तो शब्द बाहेरून आलेला असतो, असं माझं मत आहे. कन्नडमध्ये या झाडाला कोडसिगे म्हणतात. कोल्लूरच्या मूकांबिकेच्या दर्शनाला गेलात तर जवळच 1343 मीटर उंचीचा कोडचाद्री दिसेल. त्याला संस्कृतात कुटजाद्री म्हणतात, आणि ‘कोडचाद्री हा कुटजाद्रीचा अपभ्रंश’ असं सर्रास सांगितलं जातं. मला हे उलटं वाटतं. सह्याद्रीत राहणाऱ्यांनी झाडाला आधी नाव दिलं, संस्कृतने ते उचलून ‘कुटज’ असं घडवलं आणि मग घडे नि शिखरं शोधली. तसं असेल तर आपला कुडा कुटजाचा मुलगा नव्हे, भाऊ ठरतो. कोशकार ‘कुडा’पुढे ‘सं. कुटज’ एवढं लिहून थांबतात आणि कन्नडकडे मान वळवत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मराठीच्या झाडाझुडपांची नावं निम्म्या वाटेवरच सोडून दिल्यासारखं होतं ते.

फुलण्याचं राहिलंच. सह्याद्रीत कुडा साधारण एप्रिलअखेरीपासून फुलतो, करवंदं पिकत असतात तेव्हा तो पांढरा झालेला असतो, आणि पावसाच्या पहिल्या महिन्यातही फुलं सापडतात. म्हणून तर मेघदूतातला यक्ष आषाढातल्या ढगाला ‘प्रत्यग्रैः कुटजकुसुमैः’, ताज्या कुड्याच्या फुलांनी अर्घ्य देऊ शकतो. कोकणात याच फुलांची भाजी करतात. ओळखायला शेंगा बघा: पांढऱ्या, म्हणजे आपल्या या कुड्याच्या दोन शेंगा लांब, एकमेकींपासून सुट्या लोंबतात. काळ्या कुड्याच्या जोडशेंगांची टोकं मात्र एकमेकींना चिकटलेली असतात, पिकून फुटायला लागेपर्यंत.